कोंबडीला अजून कळलं नव्हतं

मुलांनो, एक छोटा फ्रिज डोळ्यांसमोर आणा. एकाच दाराचा, वर बर्फाचा कप्पा असलेला. बर्फाच्या खाली जाळीचे कप्पे, तळाला भाजीचा खण. दार उघडलं की आत पिवळा दिवा लागतो. आला डोळ्यांसमोर? आता बर्फाच्या कप्प्यात एक अख्खी कोंबडी ठेवा, पिशवीत घट्ट बांधलेली. आणि तिच्याभोवती शनिवार ठेवा, कारण त्या कप्प्यात अजून शनिवारच चालू होता.

बाहेर तो शनिवार कधीच सरला होता. हे घर साखर कारखान्याच्या वसाहतीतलं, दोन खोल्यांचं. तिथे केतकी आईपप्पांबरोबर राहायची. त्या शनिवारी बाजार होता. केतकीने बरेच दिवस हट्ट धरला होता की कोंबडी अख्खी करायची, पोटात उकडलेली अंडी आणि मसाला भरून. म्हणून आईने तुकडे न करता कोंबडी आणली. पण कारखान्याचा गळीत हंगाम जोरात होता आणि पप्पांना सुट्टी मिळत नव्हती. पप्पा घरी असतील त्या दिवशी करू, असं म्हणून आईने ती बर्फात ठेवली आणि कप्प्याचं झाकण लावलं. मग तिने आमटीसाठी कांदा चिरला आणि कोथिंबीर आणायला बाहेर पडली. रस्त्यावर उसाची ट्रॉली उलटली. आई परत आली नाही.

पण झाकण लागलं तेव्हा ती स्वयंपाकघरातच होती. त्यामुळे झाकणाच्या आत ती अजून तिथेच होती. झाकण जरासं किलकिलं केलं की आतून सकाळचा उजेड यायचा आणि विळीवर कांदा चिरल्याचा आवाज यायचा. केतकी थोडंसं ऐकायची आणि झाकण लावून टाकायची. जास्त वेळ उघडं ठेवलं तर बर्फ सुटतो, हे तिला आईनेच शिकवलं होतं.

आता घराचं काय झालं ते सांगतो. आई गेल्याची बातमी माणसांना सांगितली तशी वस्तूंनाही सांगावी लागली. ते काम शालन आत्याने केलं. शालन आत्या ही पप्पांची थोरली बहीण, विट्याहून आलेली. हातात पाण्याचा तांब्या घेऊन ती घरभर फिरली. एकेका वस्तूजवळ थांबून ती हलक्या आवाजात म्हणाली, "उज्ज्वला गेली, बरं का." शेगडीला सांगितलं, मिक्सरला सांगितलं, पलंगाला, दारांना आणि भिंतींना सांगितलं. ज्याला कळलं ते थोडं लहान झालं. मग रोज भेटायला माणसं येऊ लागली. प्रत्येकासमोर सगळी हकीकत पुन्हा सांगितली जायची आणि ती ऐकून घर पुन्हा थोडं लहान व्हायचं. पलंगाबाहेर पप्पांचे पाय लोंबू लागले. आमटीचा डाव चमच्याएवढा झाला. माणसं मात्र होती तेवढीच राहिली. फ्रिज केतकीच्या कमरेला लागेल इतका बुटका झाला, पण त्यातला बर्फाचा कप्पा पूर्वीएवढाच होता. त्याच्यावर बर्फ इतका जाड साठला होता की आत्याचे शब्द तिथवर पोचलेच नव्हते.

कार्य झालं. आमच्याकडे दुःखाच्या घरात कार्य होईपर्यंत अळणी, साधं शिजतं. मग एक दिवस पाहुणे तिखट करतात, मटण नाहीतर कोंबडी, आणि घरच्यांना आग्रहाने पहिला घास भरवतात. तो घास गिळला की सुतक सुटलं. पाहुण्यांनी आपल्या गावी जायचं आणि घराने नेहमीसारखं वागायला लागायचं.

"विलास, उद्या तिखट करून घेऊ," आत्या पप्पांना म्हणाली. "परवा मला निघायला पाहिजे. म्हशीने तिकडे शेजाऱ्यांचा जीव खाल्ला असेल."

पप्पा दारातून वाकून आत आले. आता त्यांना वाकूनच यावं लागायचं. "बाजारात जाऊ नकोस, अक्का," ते म्हणाले. "फ्रिजमध्ये कोंबडी आहे. तिनेच आणलेली."

"मग तर झालंच काम. तिच्याच हातची म्हणायची."

"ती नको," केतकी म्हणाली.

"का गं?"

"तिला अजून कळलेलं नाही."

आत्याने तिच्याकडे पाहिलं, मग फ्रिजकडे पाहिलं. "कोंबडीला?"

"हो."

"मग सांगू की तिला. अख्ख्या गावाला सांगितलं मी, तिला सांगायला काय जड आहे?" आत्याने पदर खोचला. "पातेलंभर पाणी उकळते, त्यात बुडवते. घटकेत मोकळी होते बघ."

केतकी फ्रिजच्या दाराला पाठ लावून उभी राहिली.

मुलांनो, हे जरा नीट ऐका, कारण घरोघरी हीच चूक होते. बर्फातली कोंबडी गरम पाण्यात घालायची नसते. ओट्यावर उघडीही ठेवायची नसते. तसं केलं तर बाहेरचं मांस कोमट होऊन खराब होऊ लागतं आणि आत मात्र दगड राहतो. तिला फ्रिजमध्येच, पण बर्फातून काढून सगळ्यांत खालच्या जाळीवर ठेवायचं, खोलगट ताटात, म्हणजे तिचं पाणी दुसऱ्या कुठल्या अन्नावर गळत नाही. मग वाट बघायची. एक दिवस जातो, कोंबडी अख्खी असली तर त्याहून जास्त जातो. आणि एकदा ती नरम पडली की शिजवायची. ती पुन्हा बर्फात ठेवून द्यायची नाही. आईने हे सगळं केतकीला शिकवलं होतं, कारण केतकीला कशातही का म्हणून विचारायची सवय होती.

एकदम सांगितलं की काय होतं, हेही केतकीला माहीत होतं. तिला त्या शनिवारी सकाळच्या शाळेत सांगितलं होतं. शिपाई वर्गाच्या दारात आला, बाईंच्या कानाशी काही बोलला आणि बाईंनी सगळ्या वर्गासमोर ते एका वाक्यात तिला सांगून टाकलं. तेव्हापासून केतकी वेळेवर आंघोळ करत होती, वेणी घालत होती, ताटात पडेल ते जेवत होती. लोक म्हणायचे, पोरगी शहाणी आहे, लवकर सावरली. आत काय होतं ते कुणी हात लावून बघितलं नव्हतं.

"हळूच सांगायचं," ती आत्याला म्हणाली. "आई सांगायची तसं. खालच्या कप्प्यात ठेवून."

"तुझी आई शिकवून गेली तेवढंच ऐकतेस तू, बाकी दुनिया मूर्ख," आत्या म्हणाली. पण गॅस तिने बंद केला.

केतकीने आधी फ्रिज रिकामा केला. छोट्या फ्रिजमध्ये हे करावंच लागतं, आणि हा तर अजून छोटा झाला होता. दूध, दही आणि इडलीचं पीठ शेजारच्या मुल्ला काकींकडे दिलं. एक जाळी काढून बाजूला ठेवली. मग बर्फाचं झाकण उघडून तिने कोंबडी दोन्ही हातांनी ओढून काढली. कोंबडी लहान झालेली नव्हती. ती त्या फ्रिजच्या मानाने फार मोठी दिसत होती, पाळण्यात झोपवलेल्या थोराड मुलासारखी. आतला सगळा शनिवार तिच्या अंगाला चिकटून बाहेर आला. बर्फाचा कप्पा रिकामा आणि काळोखा राहिला. आता कांद्याचा आवाज कोंबडीच्या पोटातून येत होता.

पहिला थेंब ताटात पडायला बराच वेळ लागला. केतकी फ्रिजसमोर मांडी घालून बसली होती. मधूनमधून ती दार उघडून बघायची आणि लगेच लावायची. थेंब गळताना मोठा असायचा. त्यात त्यांचं स्वयंपाकघर दिसायचं, पूर्वीचं, उंच छताचं. ताटाला टेकला की तो इवलासा व्हायचा.

संध्याकाळी तिने पिशवीवरूनच पंख दाबून पाहिला. तो नरम लागला. पंखाला कळलं होतं. तो चिमणीच्या पंखाएवढा झाला होता. त्याला कळलं तेव्हा सगळ्या घराला ते पुन्हा ऐकू गेलं आणि भिंती चहूबाजूंनी आत सरकल्या. कपाटातल्या वाट्या एकमेकींवर आपटल्या.

"भूकंप का काय?" आत्या बाहेरच्या खोलीतून म्हणाली.

"नाही. पंख झाला."

"दुसरा कधी होणार?"

"होईल हळूहळू."

"कोंबडी आहे का सरकारी कचेरी ही," आत्या म्हणाली आणि पाय पोटाशी घेऊन आडवी झाली, कारण खोलीत पाय पसरायला जागा उरली नव्हती.

सकाळपर्यंत दुसरा पंख आणि दोन्ही तंगड्या नरम पडल्या. पप्पा आता स्वयंपाकघराच्या दारातून आत येऊ शकत नव्हते. खांदे अडकायचे. ते घराबाहेर गेले आणि स्वयंपाकघराच्या खिडकीखाली पायरीवर बसले. खिडकी पुस्तकाएवढी झाली होती. तिच्यातून त्यांचा अर्धाच चेहरा दिसत होता.

"केतू," ते म्हणाले. "किती राहिलीय?"

"पोट राहिलंय."

"आवाज येतोय का अजून?"

केतकीने खिडकीकडे पाहिलं. पप्पांनाही आवाज माहीत होता, हे तिला तेव्हा समजलं.

"येतोय," ती म्हणाली. "तुम्ही कधी ऐकलात?"

"पाळीवरून आलो की उघडायचो थोडं. तू शाळेत असायचीस."

"तुम्ही तिच्याशी बोललात का?"

"नाही."

"का?"

पप्पांनी कपाळ खिडकीच्या गजाला टेकवलं. "बोललो असतो तर तिने विचारलं असतं, आज लवकर कसे आलात. मग मी काय सांगणार होतो?"

आत पोटातला कांदा चिरून होत नव्हता. कारखान्याचा भोंगा वाजला आणि घरातली भांडी तेवढ्यानेही थरथरली.

"तिला कळू नये असं मला वाटतं," पप्पा म्हणाले. "आणि हे एकदाचं होऊन जावं असंही वाटतं. काल अक्का म्हणाली, किती दिवस असं बसणार. खरंच किती दिवस बसणार? तूच सांग. तुला त्या कोंबडीतलं कळतं."

"नरम पडली की ती ठेवता येत नाही, पप्पा," केतकी म्हणाली. "मग करावीच लागते."

"हो," पप्पा म्हणाले. "ती तसंच सांगायची."

ऊन वर आलं तरी पोट कडकच होतं. आत्या ओट्यावर चढून बसली, कारण खाली तिला उभं राहता येत नव्हतं. तिचा अंबाडा छताला घासत होता. मांडीजवळच्या शेगडीवर तिने कढई ठेवली. कढई वाटीएवढी होती आणि तिच्यात ती मसाल्यासाठी खोबरं भाजत होती.

"आता घाल बाई गरम पाण्यात," आत्या म्हणाली. "तुझ्या बापाने कालपासून पाण्याशिवाय काही घेतलेलं नाही. तो पडेल तिकडे पायरीवर, मग त्याला कुठल्या कप्प्यात ठेवू?"

"गार पाण्यात घालते," केतकी म्हणाली. "तसं चालतं."

ते खरं आहे, मुलांनो. घाई असेल तर हा एकच मार्ग आहे. पिशवीचं तोंड पक्कं बांधायचं, आत पाणी शिरता कामा नये. गार पाण्यात पूर्ण बुडवायची. दर अर्ध्या तासाने पाणी ओतून नवं गार पाणी घालायचं. नळाखाली धुवत बसायचं नाही, कच्च्या कोंबडीचे शिंतोडे सगळीकडे उडतात. केतकीने माठातलं पाणी बादलीत घेतलं आणि कोंबडी आत सोडली. बादली लहान होती, कोंबडीचं पोट वर आलं. ते तिने दोन्ही हातांनी दाबून धरलं. हात ठणकू लागले, मग बधिर झाले. तिने पाणी मोरीत ओतलं, नवं घेतलं आणि पुन्हा दाबून धरलं.

"दे, मी धरते थोडा वेळ," आत्या ओट्यावरून म्हणाली. तिने हात खाली केला. तो बादलीपर्यंत सहज पोचत होता, स्वयंपाकघर आता तेवढंच होतं.

"नको. तुम्ही तिला सांगाल."

आत्याने हात मागे घेतला. खोबरं परतता परतता ती म्हणाली, "मला काय हौस होती का गं, घरभर सांगत फिरायची? कुणीतरी सांगावंच लागतं. तुझ्या आजीच्या वेळी उज्ज्वलाने सांगितलं होतं. मला दाराशीच धरलं आणि आधी पाणी पाजलं. मग बोलली." तिने पदराने डोळे पुसले. "धूर फार झालाय."

धूर नव्हता. केतकीने पाणी बदललं.

पाठीला धक्का बसला तसं केतकीला कळलं की पोटही नरम पडू लागलं आहे. मागची भिंत तिच्या पाठीला येऊन टेकली होती. फ्रिज तिच्या गुडघ्याला खेटला. आत्याने मान वाकडी केली आणि एक हात खिडकीतून बाहेर काढला, कारण तो ठेवायला आत जागा नव्हती. बाहेरून पप्पांनी तो धरला.

"केतकी, मसाला झाला," आत्या म्हणाली. "आण आता."

केतकीने पिशवीची गाठ सोडली. कोंबडीचे पंख चिमणीचे होते, तंगड्या कबुतराच्या होत्या आणि पोट मात्र शनिवारचंच, भलंमोठं होतं. कोंबडी तयार झाली का हे बघायची एकच पद्धत असते. पोटात हात घालायचा. आत बर्फाचा खडा लागला तर अजून थांबायचं. नाही लागला तर लगेच शिजवायची.

तिने हात आत घातला. मनगटाजवळ खडा लागला, खडीसाखरेएवढा. तिने हात अजून आत नेला. कोपरापर्यंत नेला. आत उबदार होतं. कांदा चिरल्याचा आवाज थांबला आणि कुणीतरी तिचा हात धरला.

"केतू?" आई म्हणाली. "हात किती गार पडलाय हा. पाण्यात खेळत होतीस?"

"कोंबडी बर्फातून सोडवत होते."

"इतक्या लवकर? मी तर आत्ताच ठेवलीय." आई तिची बोटं दोन्ही हातांत घेऊन चोळू लागली. तिच्या हातांना कांद्याचा वास होता, तो पोटातून वर आला. "पाणी बदललंस का?"

"हो."

"खालच्या कप्प्यात ठेवली होतीस ना आधी?"

"हो. ताटात ठेवली होती."

"शाबास. मग आता हात साबणाने धुवायचे, कोपरापर्यंत. ओटाही पुसायचा." बोटांत हळूहळू जीव येत होता. ती दुखत होती. "पप्पा कुठे आहेत?"

"बाहेर पायरीवर."

खिडकीतून पप्पांचा अर्धा चेहरा दिसत होता. त्यांनी आत्याचा हात सोडला नव्हता.

"अगं आण की," आत्या ओट्यावरून म्हणाली. "खाली लागतोय मसाला."

आईचे हात थांबले. "शालनवन्सं आल्यात का गं?"

"हो."

"अशा मधेच? काही निरोप नाही, काही नाही." आई हसली. "थांब, मी कोथिंबीर घेऊन येते पटकन, घरात एक काडी नाही. त्यांना चहा टाक तोवर."

"आई, जाऊ नकोस."

"का गं? दोन मिनिटांत येते."

मनगटाजवळचा खडा आता तांदळाच्या दाण्याएवढा झाला होता. छत तिच्या केसांना लागत होतं.

"सांग की," आई म्हणाली. "काय झालंय? वन्सं कशाला आल्यात?"

केतकीने दुसरा हातही आत घातला आणि सांगण्याआधी आईला घट्ट धरलं.